पहिल्या सेकंदातली हवा

माणसाचं आयुष्य वर्षांनी नव्हे, श्वासांनी मोजलं जातं. हे वाक्य माझं नाही. शहापूरला एका सभागृहात छातीच्या आजारांचं मोफत शिबिर भरलं होतं, तिथे व्यासपीठामागच्या कापडी फलकावर ते निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मोजायचं यंत्र फलकाखालीच एका टेबलावर ठेवलेलं होतं. त्यावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ आणि टेबलक्लॉथवर फुलदाणी. उद्घाटन व्हायचं असल्यामुळे सकाळी साडेनऊपासून दुपारी दीडपर्यंत कोणाचंही आयुष्य मोजलं गेलं नाही.

मी आईला घेऊन पहिल्या एसटीने आलो होतो. आमचं गाव शेणव्याच्या पुढे, रस्ता सोडून दीड मैल आत. तेवढं चालायला तिला त्या दिवशी पाऊण तास लागला. तिचा खोकला तिसऱ्या वर्षात होता. आधी तो फक्त सकाळी यायचा, मग दिवसभर राहायला लागला. आता विहिरीवरून हंडा आणताना ती मध्ये तीनदा थांबायची आणि कोणी बघितलं तर हंडा खाली ठेवून पदर नीट करायचं नाटक करायची. तिच्या छातीत नेमकं काय झालंय आणि ते थांबवता येतं का, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मुरबाडला एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि अशा प्रश्नांची उत्तरं असतात असं मला वाटायचं.

प्रमुख पाहुणे आले. नारळ फुटला, हार झाले, आरोग्य हीच संपत्ती असं तिघांनी तीन वेगवेगळ्या लांबीत सांगितलं. समोर बसलेले दीडशे लोक खोकत होते आणि भाषणात त्यामुळे आपोआप विरामचिन्हं पडत होती. शेवटी टेबलक्लॉथ उचलला गेला आणि फोटोसाठी पाहुण्यांनीच पहिली फुंकर मारावी असं ठरलं. त्यांनी पुठ्ठ्याची नळी तोंडात धरली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि फुंकले. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. तंत्रज्ञ मुलाने ती पाहिली, डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी ती घडी करून खिशात घातली. "मशीन अजून गरम व्हायचंय, साहेब," मुलगा म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईचा नंबर चार वाजता लागला. तोवर मशीन गरम झालेलं असणार.

त्या मुलाने तिच्या नाकाला चिमटा लावला. पूर्ण श्वास घ्या, मावशी, आणि मग जोरात फुंका, फुंका, फुंकत राहा, असं तो दर माणसाला सांगत होता. दीड वाजल्यापासून सांगून सांगून त्याचाच श्वास संपत आला होता. आईने नळी हातात घेतली, जरा तिरकी धरली, डाव्या हाताचा आडोसा केला आणि फुंकली. बारीक, लांब, एकसारखी फुंकर. मुलगा म्हणाला, जोरात. तिने आणखी लांब फुंकली. तिसऱ्यांदाही तसंच. त्याने पट्टी फाडली आणि खाली एक ओळ इंग्रजीत लिहिली. तिचा अर्थ असा होता की रुग्ण सहकार्य करत नाही, निष्कर्ष काढता येत नाही.

माझ्या आईबद्दल कागदावर लिहिली गेलेली ती पहिली तक्रार. तिने आयुष्यात कोणाशी असहकार केला असता तर बरं झालं असतं.

त्या ओळीचा परिणाम काय झाला तो सांगतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी पट्टी बाजूला सारली. खोकला जुना आहे, वजन उतरलंय, छातीच्या फोटोत डाग असल्यासारखं वाटतंय, तेव्हा क्षयच असणार. बेडका तीनदा तपासला, तीनदा काही सापडलं नाही. तरी कोर्स करून टाकू, ते म्हणाले. आमच्या भागात खोकणाऱ्या माणसाला क्षयाचा कोर्स देणं हा शिरस्ता होता आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरायचा. सहा महिने गोळ्या झाल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. आईला तो औषध लागू पडल्याचा पुरावा वाटायचा आणि शनिवारी मी घरी गेलो की ती मला रंगाची प्रगती सांगायची. खोकला मात्र होता तसाच राहिला. वर्षभराने दुसरा डॉक्टर, दुसरा कोर्स, पुन्हा नारिंगी. अशी दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांत मी दोनदा आठवीच्या वर्गाला श्वसन शिकवलं. शाळेत एक काचेचं घंटापात्र होतं, त्याच्या बुचातून वाय आकाराची नळी आत सोडलेली, नळीच्या दोन टोकांना दोन फुगे आणि खाली रबराचा पडदा. पडदा ओढला की फुगे फुगतात, सोडला की बसतात. पोरांना हे फार आवडायचं. उजवा फुगा जुना होऊन चिकटला होता, तो अर्धाच फुगायचा. पोरांनी विचारलं की मी सांगायचो, हा माणूस बिडी पितो. वर्ग हसायचा. मग मी फळ्यावर लाटा काढायचो. साध्या श्वासाची छोटी लाट, तिच्यात अर्धा लिटर हवा येते-जाते, म्हणजे दुधाची एक पिशवी. मग पूर्ण भरून पूर्ण सोडलेल्या श्वासाची मोठी लाट, मोठ्या माणसाची तीन-चार लिटरची. आणि लाटेच्या खाली उरलेली हवा. कितीही जोर लावला तरी ती बाहेर पडत नाही. ती पडली तर फुप्फुसं चिकटून बसतील. आकडे पाठ करा, परीक्षेला येतात, असं सांगून मी धडा संपवायचो.

माझे वडील बाराव्या वर्षापासून बिडी ओढत होते. त्यांची छाती पितळी घागरीसारखी वाजायची. ते सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाहुण्यांकडे चालत जायचे आणि वर चढून यायचे. आईने बिडीला हात लावला नव्हता. माझं फुग्याचं उदाहरण आमच्या घरालाच लागू पडत नव्हतं, आणि मी त्याचा विचार केला नाही.

आमच्या घरात गॅस होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे एका डॉक्टरांना मी हेच सांगितलं. मला नोकरी लागल्यावर कनेक्शनसाठी नाव नोंदवलं, ते आलं तेव्हा वाडीत आमचाच पहिला. सिलिंडर शहापूरहून जीपच्या टपावर यायचा. आईने त्याला जुन्या साडीचा झगा शिवला, शेगडीवर भरतकाम केलेलं फडकं टाकलं आणि ते सगळं बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या तसबिरीखाली ठेवलं, येणाऱ्याला दारातून दिसेल असं. गॅस पाहुण्यांसाठी होता. शिक्षक आले, ग्रामसेवक आला, मुंबईचे नातेवाईक आले की गॅसवर चहा. घरच्यांसाठी चूल. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिली दोन वर्षं तिला गॅसवरचा चहा मिळाला. मग एका दिवाळीत चुलीवरचा मिळाला आणि ती घरची झाली. ती मुरबाडला आमच्या भाड्याच्या खोलीत रोजचा स्वयंपाक गॅसवरच करायची आणि मी दर शनिवारी गावाला येऊन आईला सांगायचो की गॅसवरच्या भाकरीला चव नाही.

हे मी खुशीने सांगायचो. आई खूश व्हायची. दोन जास्त थापायची.

एका दिवाळीच्या सुट्टीत सकाळी मी चुलीशेजारी भाकरीची वाट बघत बसलो होतो. लाकडं ओली होती, घर धुराने भरलेलं. आईने तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी केली आणि फुंकणी उचलली. जरा तिरकी धरली, डाव्या हाताचा आडोसा केला आणि फुंकली. बारीक, लांब, एकसारखी. निखारे वरून राखेने पांढरे झालेले होते. ते आतून लाल झाले, पण राखेचा एक कण हलला नाही.

मी उठून ट्रंकेतली शिबिराची पट्टी काढली. निरोगी माणसाची रेघ कशी येते ते मला पुस्तकातून माहीत होतं. सुरुवातीलाच उभी चढते, सुळक्यासारखी, आणि मग उतरते. आईची रेघ म्हणजे एक लांबट, बसकी टेकडी होती.

"शिबिरात पण अशीच फुंकलीस काय?" मी विचारलं.

"मंग कशी फुकू? फुकायचं म्हंजे असंच."

"तो जोरात सांगत होता ना."

"जोरात फुकली का राख नाय उडत?"

"तिथं राख कुठं होती, आई?"

तिने भाकरी फिरवली. "हाताला जशी सवय अस्ते तशी तोंडाला पन अस्ते रे," ती म्हणाली.

ती या घरात आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. सासऱ्याच्या भाकरीवर राख बसलेली दिसली की सासू ती भाकरी उचलून चुलीत टाकायची आणि दुसरी थापायला लावायची, काही न बोलता. त्या घरात पिठाची चैन नव्हती, दुसरी भाकरी म्हणजे आईची स्वतःची असायची. चारपाच वेळा उपाशी राहिल्यावर ती बरोबर फुंकायला शिकली. पुढची चाळीस वर्षं ती तशी फुंकत आली. दिवसातून दोनदा चूल, वैशाखात भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना आणखी. आणि यंत्रासमोर चाळीस वर्षांचं कसब दाखवल्याबद्दल तिला असहकाराचा शेरा मिळाला होता.

तोवर मी जरा वाचलं होतं. त्या यंत्राला एकूण हवेपेक्षा पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते त्यात जास्त रस असतो. चांगली छाती आपल्या हवेचा बराचसा भाग, चारातले तीन हिस्से तरी, पहिल्याच सेकंदात बाहेर फेकते. धुराने आतल्या नळ्या अरुंद झाल्या की हवा आत जाते पण बाहेर यायला वाट मिळत नाही. ती अडकते. पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेवर घ्यावा लागतो. आपल्याला वाटतं धाप लागलेल्या माणसाला हवा कमी पडते. त्याच्या छातीत खरं तर हवा मावत नसते. पण हे ओळखायला माणसाने जीव खाऊन फुंकावं लागतं. हळू फुंकणाऱ्याचा आजार यंत्राला दिसत नाही.

म्हणून मी आईला फुंकायला शिकवायचं ठरवलं. शाळेत आम्ही करायचो तसा प्रयोग. गोड्या तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घेतला, लिटरच्या मापाने पाणी ओतून दर अर्ध्या लिटरला खिळ्याने खूण केली, कॅन भरून पाण्याच्या घमेल्यात उपडा धरला आणि सलाइनची नळी खालून आत घातली. नळीतून फुंकलं की हवा वर चढते आणि तेवढं पाणी उतरतं. ओट्यावर हे चाललेलं बघायला शेजारची चुलती आली.

"मास्तरानं आयशीला शालंत घातली गो," ती म्हणाली.

"फी नाय घेत तो, म्हनून जाते," आई म्हणाली.

पहिल्या दिवशी ती तशीच फुंकली. कॅनमध्ये एकामागोमाग एक बुडबुडे, मण्यांच्या माळेसारखे. पाणी लिटरभराच्या खुणेच्या थोडं खाली आलं. मी म्हणालो, असं नाही, एकदम. तिने पुन्हा माळ ओवली. मी करून दाखवलं, सगळं घमेलं उसळलं, वडिलांचं धोतर भिजलं. तिला हसताना खोकला आला आणि दहा मिनिटं थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी माझी चिडचिड झाली. पोरांवर होते तशी. मी म्हणालो, "आई, राख उडू दे. सगळ्या घरावर उडू दे. आजीच्या भाकरीवर उडू दे."

 मग तिने नळी तोंडात धरली आणि पाणी एकदम खळबळलं.

पाणी थांबल्यावर ती धापत म्हणाली, "संपला सगला."

मास्तर असल्यामुळे मी सांगितलं की संपला नाही, लिटर-दीड लिटर आत उरतो, तो बाहेर येत नाही.

"कवाच नाय?"

"मेल्यावर पण नाय."

ती म्हणाली, "मंग पयल्या चुलीचा धूर पन आतच असंल अजून."

ती हवा सारखी मिसळत, बदलत असते, हे मला सांगता आलं असतं. परीक्षेला येतं ते.

ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यातलं यंत्र लहान होतं आणि त्यावर फुलदाणी नव्हती. तंत्रज्ञ बाई वयस्क होत्या, पायात सपाता, कपाळावर चष्मा. त्यांनी आईला खुर्चीत ताठ बसवलं, चिमटा लावला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राख उडू दे." बाईंनी माझ्याकडे चमकून बघितलं, पण तोवर आई फुंकली होती.

तशी फुंकर मी तिच्याकडून पुन्हा पाहिली नाही. मानेच्या शिरा टरारून आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, एवढंसं शरीर खुर्चीत पुढे झुकलं आणि बाई शेजारी म्हणत राहिल्या, अजून, अजून, अजून, अजून, सोडा. तीनदा. मग आतल्या नळ्या मोकळ्या करणारा एक फवारा ओढायला दिला, वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा तीनदा. शेवटी बाई म्हणाल्या, "एकदम छान, मावशी. तरुण बायका पण एवढं मनापासून करत नाहीत." आईने चिमट्याने लाल झालेलं नाक पदराने पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. गॅदरिंगला बक्षीस मिळालेली पोरं व्यासपीठावरून अशी बघतात.

अहवालावर छापून आलं होतं की रुग्णाचं सहकार्य उत्तम. खाली आकडे होते. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईने पहिल्या सेकंदात पावणेदोन लिटरच्या आसपास हवा बाहेर टाकायला हवी होती. आईने अर्ध्या लिटरहून थोडी जास्त टाकली होती. फवाऱ्यानंतरही तेवढीच. म्हणजे जीव खाऊन फुंकल्यावर जेमतेम दुधाची एक पिशवी.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. तरुण होते, चांगलं बोलले. जे अरुंद झालंय ते आता रुंद होत नाही, म्हणाले. औषधाने धाप थोडी हलकी होईल. पुढे जाण्याचा वेग कमी करायचा तर धूर बंद, पूर्ण बंद, आणि आजपासून. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी शिबिराचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, स्वयंपाक कशावर?

"गॅस आहे घरी," मी म्हणालो.

ते म्हणाले, मग उत्तम.

आई बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी. मी शेजारी बसलो. तिने विचारलं, "पास का नापास?"

मी अठरा वर्षं पेपर तपासले होते. काठावरच्या पोरांना दोन-दोन मार्क देऊन ढकललं होतं. तिच्या चेहऱ्यावर अजून ते बक्षीस होतं.

"पास," मी म्हणालो.

फवारा कशासाठी, तर खोकल्यासाठी, असं सांगितलं. धुराचं घरी गेल्यावर नीट सांगू, असं ठरवलं. बायकोला आकडे दाखवले. ती म्हणाली, आत्ताच सांगा, त्यांना मुरबाडला आणू, नाहीतर मी येऊन राहते. मी म्हणालो, सांगतो. मुरबाडला यायचं विचारल्यावर आई म्हणाली, भातकापणी कोण करील, आणि तो विषय तिथे संपला.

तोवर वाडीभर झालं होतं की मास्तराची आई ठाण्याला परीक्षा पास झाली. चुलती म्हणायची, आता कॉलेजात घाल तिला. पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा घर धुराने भरलेलं होतं. मी म्हणालो, आई, आता गॅसवर करत जा.

"पास झाले ना मी," ती म्हणाली. "मंग कशाला गॅस जालू?"

तेव्हाच सांगायचं होतं. वाक्य साधं होतं, कर्ता, कर्म, क्रियापद. मी बोललो नाही. त्या संध्याकाळी मी चुलीवरच्या दोन भाकरी खाल्ल्या. पुढच्या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्या. दर वेळी ठरवून निघायचो. सरळगावला एसटी बदलताना वाक्य तयार असायचं, किन्हवलीपर्यंत टिकायचं आणि ओट्यावर पाय ठेवला की ती खोकत खोकत हसायची आणि विचारायची, भाकरी टाकू का. तिला घाबरवायचं नव्हतं, असं मी बायकोला सांगायचो.  मी भित्रा होतो, एवढंच. भूकही होती, हे लिहायला जास्त लाज वाटते.

असं एक वर्ष आणि वर दोन महिने गेले.

मग त्या थंडीत ती फुंकेनाशी झाली. फुंकणी तोंडाला लावायची, निखारे लाल व्हायचे नाहीत. वडील चूल पेटवायला लागले. त्यांची फुंकर दणदणीत, राख सगळीकडे. आई पडवीत भिंतीला टेकून बसायची, खांदे वर ओढून, ओठ आवळून हवा बाहेर सोडायची. तशी सोडली की जरा बरं वाटतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. जेवताना दोन घासांमध्ये थांबायची. बोलताना तीन शब्दांवर.

त्या पडवीत मी तिला सांगितलं. ठाण्याला डॉक्टर काय म्हणाले, आकडा काय होता, धूर बंद करायला सांगितला होता. सगळं. वडील बाहेर बिडी ओढत होते.

तिने ओठ आवळून एक श्वास सोडला. रागावली नाही. मग थांबत थांबत म्हणाली, "नापास व्हते तर... सांगायचंस. शालंत पोरांना... सांगतोस ना."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी चूल परसात हलवली, वर चार पत्रे टाकले. गॅसवर करा, असं वडिलांना बजावलं. त्यांनी चार दिवस केलं. मग आईनेच थांबवलं. संपला आणि कोणी आलं तर काय, ती म्हणाली. सिलिंडर शहापूरहून यायला तेव्हा पंधरा दिवस लागायचे. त्यामुळे परसातली चूल चालू राहिली, वडिलांच्या फुंकरीने राख उडत राहिली आणि झगा घातलेला सिलिंडर तसबिरीखाली उभा राहिला. त्या हिवाळ्यात मी पुन्हा घंटापात्र काढून श्वसन शिकवलं. उजव्या फुग्याबद्दल पोरांनी विचारलं. फुगा जुना आहे, मी सांगितलं.

ती फेब्रुवारीत गेली, सकाळी, भिंतीला टेकलेली. शेवटचे काही तास ती हवा बाहेर सोडण्याचाच प्रयत्न करत होती.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं बरीच आली. वंदना झाली. मग तालुक्याहून आलेल्या एका वक्त्यांनी श्वासावर भाषण केलं. आलेला श्वास जाणावा, गेलेला श्वास जाणावा, माणसाचं आयुष्य श्वासांनीच मोजलं जातं, असं त्यांनी पाऊण तास सांगितलं. छाती उत्तम होती त्यांची, माइक नसता तरी चाललं असतं. मी तोंड खाली घालून ऐकत होतो. आत चुलतीने सिलिंडरचा झगा काढला, शेगडीवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं आणि घरच्यांसाठी परसातल्या चुलीवर वेगळं पातेलं चढवलं. वक्ते आणि बाहेरगावची मंडळी यांचा चहा गॅसवर झाला, तीन वेळा. तो सिलिंडर मी पंधरा महिन्यांपूर्वी आणलेला होता. त्या दिवशीही संपला नाही.